वाळूच्या तोंडी

साठ वर्षांत मोटारसायकलवर काय काय चढतं! कारखान्यातला रंग तळाशी. त्यावर मालकाच्या हौसेचा एक हात, मग कुठल्याशा अपघातानंतरचा, मग घरातल्या लग्नाआधी घाईघाईत मारलेला. पोचे भरायला लांबी. सांध्यांत ग्रीस, ग्रीसमध्ये धूळ, धुळीत उसाच्या पाचटाच्या काड्या. मडगार्डच्या आतल्या बाजूला कित्येक पावसाळ्यांचा चिखल थरावर थर बसून कडक झालेला. आणि या सगळ्याच्या खाली, जिथे फट मिळेल तिथे, गंज. बाकीचं सगळं बाहेरून आलेलं. गंज तेवढा घरचा. लोखंडच हळूहळू गंज होत जातं. त्यामुळे गंज काढायचा म्हणजे गाडीचाच थोडा भाग काढून टाकायचा, हे ठरलेलं. किती काढायचा, एवढंच काय ते आपल्या हातात.

ब्लास्टिंगमध्ये तेही पुरतं हातात राहत नाही. युक्ती साधी आहे: दाबाखालची हवा, तिच्यात सोडलेले कठीण कण आणि बाहेर पडायला एक अरुंद तोंड. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते दगड, धातू आणि काच कापण्या-कोरण्यासाठी. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण ज्याला साफसफाई म्हणतो ती जन्माने कोरणी आहे. झोतातला प्रत्येक कण धातूवर आपटून एक खळगा पाडतो. गंज उडतो, रंग उडतो, आणि लोखंडाचंही वरचं अंग थोडं उडतं. मागे जो एकसारखा, बिनचमकीचा करडा पृष्ठभाग उरतो तो आतून उघडा पडलेला नसतो. असंख्य घावांनी नुकताच घडवलेला असतो. गाडी 'मूळ रूपात' आणायला निघालेल्या हौशी लोकांना हे सांगितलेलं आवडत नाही.

कोल्हापुरात या कामाला जागा शोधत फिरावं लागत नाही. शिरोलीला फौंड्र्या, गोकुळ शिरगावला फौंड्र्या. ओतकाम साच्यातून निघालं की अंगाला चिकटलेली वाळू झाडायला शॉट ब्लास्टिंग लागतंच. त्यामुळे गाडी खोललेला कुणीही पहिला सल्ला हाच देतो, "टाक की शॉटला." हा सल्ला अर्धाच ऐकावा. फौंड्रीतलं मशीन ओतीव कामासाठी असतं. फिरत्या चाकावरून ते पोलादी छर्रे भिरकावतं, आणि इंजिनाच्या जाड ठोकळ्याला त्याचं काही वाटत नाही. मडगार्ड त्यात घातलं तर बाहेर येतं ते दुसऱ्याच कुठल्या गाडीचं. पातळ पत्र्याला नुसता पोचाच येतो असं नाही. एका बाजूने सतत मार बसला की त्या बाजूचं कातडं ताणून पसरू बघतं, मागची बाजू तशीच राहते, आणि पत्रा कमान टाकतो. ती कमान मग हातोडीला दाद देत नाही.

म्हणून आम्ही शिवाजी उद्यमनगराच्या बाजूला एका शेडमध्ये जातो. तिथले मामा नळी स्वतःच्या हाताने मारतात. समोरचा भाग काय आहे ते आधी उचलून, वाजवून बघतात.

सध्या माझे रविवार ज्या गाडीत जातात ती एका शाळामास्तरांची जावा. कंपनी चेकोस्लोव्हाकियाची, गाडी आपल्या म्हैसूरची. आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या १९६१ पासून निघू लागल्या. पुढे नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि किक मारायची तीच दांडी पुढे ढकलली की गिअरची. मास्तर गेले, गाडी गोठ्याच्या पडवीत राहिली. आता त्यांच्या मुलीने ती उभी करायचं मनावर घेतलंय. आम्ही त्यांना ताई म्हणतो. ताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि पावती घेतल्याशिवाय एक नटसुद्धा घेत नाहीत.

जावावाल्यांची एक गंमत आहे. जुलैचा दुसरा रविवार हा त्यांचा सण. जगभर त्या दिवशी जुन्या जावा-येझदी रस्त्यावर काढतात. साहजिकच प्रत्येकाला गाडी त्याच्या आत तयार हवी असते, आणि जूनमध्ये मामांच्या शेडपुढे सांगाड्यांची रांग लागते. म्हणजे नेमकी कोल्हापूरची हवा पिळून पाणी काढावं अशी झालेली असताना. हवा दाबली की तापते, नळीत निवते, आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन खाली बसते. पाण्याचा सापळा लावलेला असला तरी थोडं पुढे जातंच. मग कण भिजून तोंडाशी गोळा होतात, झोत खोकल्यासारखा तुटत राहतो. मामा अशा दिवशी कॉम्प्रेसर बंद करून चहा सांगतात. ज्यांना घाई असते ते दुसरीकडे जातात आणि दिवाळीत रंगाला फोड आले म्हणून परत येतात.

कण कोणता मारायचा हा स्वतंत्र शास्त्रार्थ आहे, त्यात फार शिरत नाही. जाड लोखंडाला गार्नेट. ते पूर्वी बहुतेक तिरुनेलवेली-तुतुकुडीच्या किनाऱ्यावरून यायचं, तांबूस. त्याहून कडक हवं तर अॅल्युमिनियम ऑक्साइड. अॅल्युमिनियमच्या भागांना काचेचे बारीक गोल मणी, तेही कमी दाबाने. पत्र्यावरचा नुसता रंग उतरवायचा असेल तर सोडा, भज्यात घालतो तोच. अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८०च्या दशकात दुरुस्ती झाली तेव्हा तांब्याच्या आतल्या अंगावरचा डांबराचा थर या सोड्यानेच काढला होता. तांबं मऊ, पत्रा पातळ, वाळू परवडणारी नव्हती. सोडा गंजाला मात्र हात लावत नाही. त्यामुळे गंजलेल्या टाकीवर सोडा मारून आलेल्या माणसाच्या हाती स्वच्छ धुतलेला गंज येतो.

चेसिस न्यायच्या आधी घरी तयारी असते. ग्रीस राहिलं तर कण त्यात रुततात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या भागावर ते तेल बसतं. म्हणून रॉकेलने, ते न मिळाल्यास डिझेलने, खरवडून धुवायचं. आट्यांच्या भोकांत जुने बोल्ट पिळायचे. हँडलच्या बॉलरेसच्या वाट्यांवर रबरी बूच. आणि सगळ्यात जास्त जपायचं ते नंबराला. चेसिसवर ठोकलेले ते चार-सहा आकडे म्हणजे गाडीचा सातबारा. आरटीओत त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा फाइलला लावतात. गंजाने आधीच अर्धे खाल्लेले आकडे झोतापुढे उघडे ठेवले, तर ठशात नुसती करडी धूळ येईल आणि गाडी कागदावर कुणाचीच राहणार नाही. आम्ही तिथे ट्यूबचा जाड तुकडा ठेवून वरून चिकटपट्टीचे फेरे मारले. ताईंनी त्याआधी नंबराचे फोटो काढले, आणि ठसाही घेऊन ठेवला.

मामांनी चेसिस साखळीने गर्डरला टांगली. "प्रायमर संगं आणलाय न्हवं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आणला नसेल तर ते मारत नाहीत.

"आणलाय. पावती पण आहे," ताई म्हणाल्या.

मी शेडच्या बाहेरून, काचेतून बघत होतो. दाब ऐंशी-नव्वद पीएसआय असावा. आवाजावरून बरंच कळतं. जाड रंगावर झोत पडला की घोगरा, दबलेला आवाज येतो. रंग फुटून धातू लागला की तो एकदम चढतो, मोकळा होतो. पत्र्याच्या लहान पट्टीवर तर तापल्या तव्यात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडतो. मामा बघतात कमी, ऐकतात जास्त. धुरळ्यात दिसतं तरी काय! झोत एका जागी थांबवायचा नाही, सरळ काटकोनात धरायचा नाही, किंचित तिरका ठेवून सरकवत न्यायचा.

मध्ये त्यांनी नळी बंद केली तेव्हा आत जाऊन पाहिलं. जावाची चेसिस चौकोनी नळ्यांची, आणि अर्धवट साफ झालेल्या एका नळीवर रंगांच्या कडा एकाखाली एक उघड्या पडल्या होत्या. वर काळा, त्याखाली एक निळा, त्याखाली लाल ऑक्साइड आणि तळाला म्हैसूरचा मरून. निळा रंग ताईंना आठवला. त्या सहावीत असताना गाडी निळी होती, आणि का ते कुणी सांगितलं नव्हतं. मरून मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. गाडी घेतली तेव्हा त्या जन्मल्याच नव्हत्या. बोटाच्या पेराएवढ्या जागेत हे चारही रंग होते. मामांनी परत नळी हातात घेतली आणि ते उडाले. फोटो काढावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि त्याचं फार वाईटही वाटलं नाही. असली गोष्ट फोटोत नुसता खवडा दिसते.

काम संपलं तेव्हा मुख्य स्टँडच्या कानाशी करड्या लोखंडात एक पिवळी रेघ दिसली. पितळी वेल्डिंग. कान कधीतरी तुटला होता, आणि कुणीतरी तो पितळ वाहवून जोडला होता. इतका नेटका, की वरच्या रंगांतून कळूच नये. शेजारी कानशीचे ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे, म्हणजे कारागीर बहुधा घाईत नव्हता. मामांनी अंगठ्याने जागा दाखवली, हात मात्र लावला नाही. "जुनं काम. सोडू नका, तोडू नका." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

हात लावायचा नाही याला कारण आहे. ताज्या ब्लास्ट केलेल्या लोखंडाइतकी उघडी वस्तू दुसरी नसेल. रंग नाही, तेल नाही, गंजाचं जुनं कवचसुद्धा नाही. वर खळग्याखळग्यांमुळे हवेला लागायला पृष्ठभागही वाढलेला. कोरड्या दिवशी काही तास मिळतात, ओलसर दिवशी तेही नाहीत. नारिंगी झाक धरायला सुरुवात होते, ती सगळीकडे एकदम. आणि कुणी घामेजल्या बोटाने स्पर्श केला असेल तर दुसऱ्या दिवशी तिथे गंजात बोटाचा ठसा उमटलेला सापडतो, रेषांसकट. प्रायमरला हेच खळगे हवे असतात. चाळीस ते पंच्याहत्तर मायक्रॉन खोली असली की रंग पकड धरतो. गुळगुळीत लोखंडावरून तो पापुद्र्याने सुटतो. म्हणजे ज्या घावांमुळे लोखंड इतकं हळवं होतं, त्यांच्याच आधारावर पुढचा रंग वीस-पंचवीस वर्षं टिकायचा असतो.

गंजाचा आणि सफाईचा एक मान्यताप्राप्त आल्बम आहे. स्वीडनमध्ये सुरू झालेलं ते काम आता आयएसओ ८५०१-१ या नावाने जगभर वापरतात. त्यात छायाचित्रं असतात: नव्या लोखंडावर जेमतेम गंज आलेला तो ए, आणि उतरत उतरत नुसत्या डोळ्यांना खड्डे दिसतात तो डी. सफाईचे दर्जे एसए एक, दोन, अडीच आणि तीन. दोन आणि तीनच्या मध्ये अडीच ठेवणाऱ्या समितीबद्दल मला आदर आहे. तीन म्हणजे डाग म्हणून नाही, दिसतं ते सगळं निखळ धातू. अडीच म्हणजे जवळजवळ तेच, पण खड्ड्यांच्या तळाशी पुसटशी सावली राहिली तर चालेल. पूल, जहाजं, टाक्या, बहुतेक मोठी कामं अडीचवर होतात. तीनचा हट्ट गाड्यांच्या हौशी लोकांचा. डी दर्जाच्या गंजातून तीन काढायचं तर इतकं मारावं लागतं, की जुना पत्रा जागोजागी चाळणी होतो.

ताईंच्या मागच्या मडगार्डवरून आमचं वाजलं. त्यावर मास्तरांनी पेंटरकडून शाळेचं नाव लिहून घेतलं होतं, पांढऱ्या अक्षरात, खाली पिवळी सावली. अक्षरांचा अर्धा भाग गेलेला, कडेला गंज. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मित्राचं म्हणणं, मडगार्डही ब्लास्ट करू, रंगवू, आणि फोटोवरून तीच अक्षरं परत लिहून घेऊ. कारखान्यातून आली तशी दिसेल. मी म्हटलं, कारखान्यातून आली तेव्हा त्यावर अक्षरं कुठे होती? मग मूळ रूप कुठलं, म्हैसूरचं की मास्तरांचं? हा वाद नुसता हवेतला नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, वीस हजार रुपये भरून, आणि अट अशी की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. चेसिस, बॉडी, इंजिन यांबद्दल नियम बोलतो. धातूचं वरचं काही मायक्रॉनचं अंग मूळ मोजायचं की नाही, याबद्दल तो अर्थातच गप्प आहे. ताईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मडगार्ड पिशवीत घालून घरी नेलं. आतल्या बाजूचा चिखल त्यांनी ओल्या फडक्याने काढला, गंजावर तेलाचा हात दिला, आणि अक्षरं आहेत तशी ठेवली. चकचकीत मरून गाडीला ते शोभणार नाही, असं मित्र अजून म्हणतो. खरं आहे, शोभणार नाही.

मामांच्या डोक्यावर नळी मारताना टोप असतो आणि त्यात बाहेरून गाळलेली हवा येते. हे ते अलीकडे करतात. त्यांच्या वडलांच्या काळी नदीची वाळू मारायचे आणि तोंडाला पंचा बांधायचे. वाळूचा कण आपटला की फुटतो, आणि फुटल्यावरची जी भुकटी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिथून ती निघत नाही. फुप्फुस तिच्याभोवती व्रण धरतं आणि काम सोडल्यावरही व्रण वाढत राहतात. त्याला औषध नाही. ब्रिटनने १९४९च्या नियमांनी ब्लास्टिंगसाठी वाळू वापरायला बंदी केली. आपल्याकडे १९४८च्या फॅक्टरीज अॅक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस हा कळवायलाच हवा असा रोग म्हणून नोंदला गेला. पण दोन-तीन माणसांच्या शेडला कायदा फॅक्टरी म्हणतच नाही. मग कळवायचं कुणी? स्वस्तात काम करून देणाऱ्या शेडमधून आजही वाळू हद्दपार झालेली नाही, आणि गिऱ्हाईक दर विचारतं, कण विचारत नाही. गार्नेटमध्ये मोकळी सिलिका जवळपास नसते. तरी जुन्या रंगांत शिसं असतं, आणि उडालेला प्रत्येक रंग हवेतच असतो. मामा बोलता बोलता खाकरतात तेव्हा मी विषय बदलतो, हे काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही.

इंजिनाच्या केसिंगला मामांकडे नेलं नाही. ते काम ओलं: पाण्यात काचेचे मणी मिसळून तो गाळ हवेने मारायचा. पाण्यामुळे घाव बोथट बसतो, धूळ उडत नाही, आणि अॅल्युमिनियमला एक मऊ, रेशमी पोत येतो. सगळ्यांना तो आवडतो, मलाही. म्हैसूरहून निघताना केसिंगवर साच्याची खरबरीत कातडी होती आणि बाजूच्या कव्हरांवर बफाची चमक. असा पोत कुठेच नव्हता.

पण धोका दिसण्यात नाही, आतल्या मण्यांत आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-तेलाचं मिश्रण आधी क्रँकच्या पोटात शिरतं, तिथून बगलेच्या वाटांनी वर जातं. क्रँकच्या बेअरिंगना मिळणारं तेल याच वाटेवरचं. एखाद्या कोपऱ्यात चार मणी चिकटून राहिले की पहिल्या किकला ते निघतात आणि बेअरिंगमध्ये जातात. काच आहे, नरम पडायची नाही. नवी क्रँक शंभर किलोमीटरात कडकडायला लागते, आणि माणूस नशिबाला बोल लावतो. म्हणून बेअरिंगच्या बैठका, सीलच्या जागा, आट्या, तेलाची बारीक भोकं, सगळं आधी बुजवायचं, आणि तरी नंतर धुवायचंच.

मी या कामाला वेगळं पातेलं ठेवलंय. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बाटली घासायचा ब्रश. प्रत्येक भोकात ब्रश, मग वरून पाण्याची धार, मग कॉम्प्रेसरची हवा. केसिंग उपडी करून खाली काळी ताटली धरायची आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोकायचं. सुकल्यावर ताटली उजेडात तिरकी केली की मणी असले तर चमकतात. पहिल्या खेपेला ताटली चमचम करत होती. मग कमी. मग एकही नाही असं वाटलं, आणि ताईंनी चष्मा लावून बोटाने दाखवलं: कडेला दोन, आणि आटीच्या तोंडाशी अजून एक.

"किती वेळा करायचं हे?" त्यांनी विचारलं.

"ताटली कोरी निघेपर्यंत," म्हटलं आणि पातेलं परत गॅसवर चढवलं.